विजयमालाबाईंच्या वर्गातला निळा दोरा

विजयमालाबाई शाळेत आल्या की किल्ली लावायच्या आधी कुलपाकडं बघतात. आदल्या दिवशी कुलपाचं तोंड कुठल्या अंगाला सोडलं होतं, ते त्यांच्या ध्यानात असतं. खिचडीच्या तांदळाचं पोतं त्या स्वतः सोडतात, स्वतःच बांधतात, आणि गाठ अशी मारतात की दुसऱ्याला तशी जमू नये. एखादं पोरगं पोट धरून उभं राहिलं तर आधी विचारतात, "आज तुज्यावर कुठला पाढा हाय रं?" पोटाचं मग बघतात.

घरीही तीच तऱ्हा. नवरा आप्पासो डाळिंबाची बाग करतो, गरीब स्वभावाचा माणूस. तो दूध डेअरीवर बसून सांगतो, "आमच्या हिचा कुकरच्या शिट्टीवरबी इस्वास न्हाई. झाकण काडून शितं दाबून बगती, मग म्हंती शिजलं."

बाई मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या पलीकडच्या. आभाळ काळंभोर झालं तरी वाळवण उचलायच्या आधी दोनदा वर बघणारा तो मुलूख. बाईंच्या अंगात तो मुरलाय. आमच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होऊन आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. सातवीपर्यंतची शाळा, दोन गुरुजी आणि ह्या बाई. गावानं पहिल्यांदा त्यांच्यावर संशय घेतला, मग त्यांनी गावावर घेतला, आणि मग दोघांचं बरं जमलं.

गाव विट्याच्या उगवतीला आहे. नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढं कळेलच.

आमच्याकडं घरटी एक गडी गलाईत आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करायचा धंदा. आमची माणसं हिंदुस्थानात कुठंही सापडतात. सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी, वर माळ्यावर अंथरूण, आणि तोंडात तिथली भाषा. पण गावात ह्या धंद्याबद्दल कुणी बोलत नाही. सोन्याशी रोज हात लागणाऱ्या माणसानं तोंड आवरावं, ही इथली रीत. गडी गावी यायचा असला तर बायकोलाही एस्टीत बसल्यावर फोन करतो. आल्यावर "कवा आलास" विचारलं तर चालतं. "कवा जानार" असं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. दुकान कुठं म्हणाल, तर उत्तर एवढंच, "हाय तिकडं खाली," नाहीतर "हाय तिकडं वर." खाली म्हणजे दक्षिण, वर म्हणजे उत्तर. आमच्या गावात देशाला ह्या दोनच दिशा.

अशा गावात वल्लरी आली.

ती वाईची. कृष्णेकाठच्या गल्लीत वाढलेली, वडील कापडदुकानात हिशेबनीस. सांगलीच्या एका कॉलेजात ती मास्तरकीचं शिकत होती. शिकणाऱ्यांना शेवटच्या वर्षी काही महिने खऱ्या शाळेत काढावे लागतात, पाठ घ्यावे लागतात, आणि शेवटी तिथल्या मुख्याध्यापकांनी बरं म्हटलं तरच पुढं जाता येतं. दरसाल आमच्याकडं असं कुणी ना कुणी येतं. गावात त्यांना 'शिकाऊ' म्हणतात, मोटार शिकणाऱ्याला म्हणतात तसं.

बाईंना शिकाऊंचा राग होता, आणि त्याला कारणही होतं. काही वर्षांमागं एका शिकाऊ पोरानं अनवाणी पोरांचे फोटो काढले आणि खाली 'दुर्गम भागातली वंचित मुलं' असं लिहून मोबाइलवर पसरवले. त्यातल्या एकाचा बाप वर कुठंतरी गलाईत, घरात चारचाकी. पोरगं चपला झाडावर फेकून आंबे पाडत होतं, म्हणून अनवाणी. पुण्याहून जुन्या कपड्यांचं गाठोडं आलं तेव्हा गावाला कळलं. त्या दिवसापासनं शाळेत शिकाऊंचा फोन कपाटात.

पहिल्याच दिवशी वल्लरी म्हणाली, "मॅडम, मला बहुसांस्कृतिक वर्गावर काम करायचंय. म्हणजे वेगळ्या भाषांची, वेगळ्या रीतींची मुलं एकत्र कशी शिकतात ते. मैत्रिणींना मिरज, सांगली मिळालं. मला हे. इथं तसं काही मिळणार नाही ना?"

बाईंनी तिला वरनं खालपर्यंत बघितलं. "कोणी सांगितलं, मिळणार नाही म्हणून?"

"नाही, म्हणजे... खेडं आहे ना."

"मधल्या सुट्टीत टाकीजवळ उभी राहा. बोलू नको, नुसती ऐक."

वल्लरी उभी राहिली. पाण्यासाठी झटापट करताना एक पोरगं दुसऱ्याला तमिळमध्ये शिव्या घालत होतं. लुधियानाला जन्मलेली एक पोरगी "हांजी, हांजी" करत दोघींना ढकलून पुढं गेली. वीटभट्टीवरची जतकडची भावंडं आपसांत कानडी बोलत होती. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली बीडकडची दीपमाला एकीला सांगत होती की ही बाटली मपली हाय, तुपली न्हाई. आणि आमची गावातली पोरं ह्या सगळ्यांना मराठीत उत्तरं देत होती.

ती परत आली तेव्हा बाईंनी विचारलं, "किती संस्कृत्या निघाल्या?"

वल्लरीला हसावं का नाही कळेना. बाई हसत नव्हत्या.

बाईंनी तिला शिकवायला घेतलं ते असं. प्रार्थनेच्या आधी हजर. पोरांच्या आधी खाली बसायचं नाही. चिडवायच्या नावानं कुणाला हाक नाही. कुणाच्या घरी चहाला जायचं नाही. एका घरी प्यालं की दुसरं घर विचारतं, तिथं काय सांगितलंस. आणि उसाच्या पोरांना 'ऊसतोडीची' म्हणायचं नाही, नाव घ्यायचं. "आम्हाला कॉलेजात ह्याचा एक पेपर होता," वल्लरी म्हणाली. बाई म्हणाल्या, "मग त्यात पास झाली असशील. इथं बघू."

पोरगी कामाला बरी होती. पण बाईंना एक गोष्ट खटकत होती. दुपारी फोन कपाटातनं मागून घ्यायची, "आईचा आहे" म्हणायची आणि टाकीच्या मागं जाऊन हळू आवाजात बोलायची. बोलून आली की डोळे लाल. रोज. "आईशी बोलणारी पोरगी टाकीमागं कशाला जातीया?" बाई आप्पासोला म्हणाल्या. आप्पासो म्हणाला, "टाकीमागं रेंज असंल." बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

बाईंच्या चौथीच्या वर्गात साईराज होता. लालासाहेबांचा नातू. लालासाहेब म्हणजे लष्करातनं रिटायर झालेले सुभेदार आणि आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा मुलगा जयराज खाली गलाईत. त्यानं दिवाळीनंतर पोराला गावी आणून सोडलं, आजोबांपाशी, मराठी शिकायला. पोराची आई तिकडंच. ती गावात यात्रेला यायची, दोन दिवस डोक्यावर पदर घेऊन वावरायची आणि जायची. सुभेदार सांगायचे, "सूनबाई आपल्यातलीच. तिचं घराणं आटपाडीकडचं, पन पिढीजात तिकडं खाली. लय लाजाळू." गाव म्हणायचं, व्हय व्हय.

साईराज वर्गात तोंड उघडत नव्हता. टाकीजवळच्या तमिळ शिव्या त्याच्याच. बाकी दिवसभर गप्प.

एक दिवस बाई केंद्रशाळेत बैठकीला गेल्या. वर्ग आणि कपाटाची किल्ली वल्लरीच्या ताब्यात. तिनं कॉलेजात शिकवलेलं काढलं. मुलाचं घर वर्गात आणा, मुलाला आपली भाषा, आपलं गाव कमी वाटू देऊ नका, वगैरे. कल्पना वाईट नव्हती. मागच्या भिंतीवर भारताचा कापडी नकाशा होता. तिनं टाचण्या आणल्या, लाल आणि निळ्या दोऱ्याची रिळं आणली. आमच्या गावावर एक टाचणी. तिथनं वडील जिथं काम करतात तिथवर लाल दोरा, आणि आजोळ असेल तिथवर निळा. पोरं टाचण्यांवर तुटून पडली. लाल दोरे कोळ्याच्या जाळ्यागत सुटले: लुधियाना, कटक, त्रिचूर, सेलम, कुठं कुठं. निळे मात्र बहुतेक आखूड. कुणाचं आजोळ तासगावात, कुणाचं आटपाडीत, कुणाचं कडेगावात. विट्याभोवती निळ्याचा गुंताच झाला.

आणि पोरांनी प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी लावली. नाव, बापाचं नाव, दुकानाची पेठ. कहर म्हणजे दोघांनी "पप्पा यात्रेला येणार" असंही लिहिलं.

म्हणजे ज्या गावानं 'वर' आणि 'खाली' ह्यापलीकडं कधी शब्द काढला नाही, ते गाव दुकानासकट, पेठेसकट भिंतीवर. वाईच्या पोरीला ह्यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटावं? वाईत माणूस नोकरीला लागला की पेढे वाटून नोकरीचं गाव सांगतात. तिनं कपाटातनं फोन घेऊन नकाशाचा फोटो काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. कुलूप बघितलं, पोतं बघितलं, वर्गात गेल्या आणि दारातच थांबल्या.

"हे कोणी करायला सांगितलं?"

"मीच केलं, मॅडम. काल मुलं इतकी बोलली ना..."

बाई पुढचं बोलणार होत्या, पण नकाशापाशी साईराज उभा होता. दिवाळीपासनं मुका असलेलं पोरगं दुसऱ्या पोराला बोट फिरवून सांगत होतं, की मिरजेत गाडीत बसल्यावर मधे काय काय लागतं, कुठं इडली मिळते, कुठं आई उठवते. मोडकी मराठी, पण धडाधडा. त्याचे दोन्ही दोरे खाली गेले होते. लाल सेलमला, आणि निळा सेलमच्याच शेजारच्या एका खेड्याला. आगगाडीच्या रुळांसारखे शेजारी शेजारी. बाईंनी ते बघितलं, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात लाल दोरेच होते.

"चिठ्ठ्या आत्ताच्या आत्ता काढ," एवढंच त्या म्हणाल्या. "नकाशा राहू दे शनिवारपर्यंत." पोराचं बोलणं चालू राहावं म्हणून त्यांनी एवढी ढील दिली. बाईंनी आयुष्यात ढील अशी फार दिलेली नाही, आणि दिली तेव्हा हे झालं.

चिठ्ठ्या निघाल्या, पण फोटो गेला होता. कॉलेजच्या ग्रुपवरनं कुणीतरी तो विट्याच्या बाजूच्या नातेवाइकाला धाडला, तिथनं त्रिचूर, तिथनं कटक. दुपारपर्यंत आमची माणसं सगळ्या हिंदुस्थानातनं घरी फोन करायला लागली. "आपलं दुकान शाळंच्या भिताडावर कशाला लावलंया?" माझ्या थोरल्या भावाचाही आला. तो वर असतो.

त्यातच एक पांढरी गाडी गावात येऊन गेली. आतल्या दोघांनी स्टँडवर विचारलं, जयराजचं घर कुठलं. झालं. चोरच असणार, असं म्हणत ज्याला त्याला आठवायला लागलं. ती पोरगी टाकीमागं कुणाशी बोलती? रोजच बोलती? हळू बोलती? आमच्या कमिटीतल्या अर्जुनानं तर सांगितलं, की तिनं त्याला विचारलं होतं, यात्रा कधी असते. यात्रेचा बोर्ड एस्टीच्या थांब्यावर आहे, पण त्या दिवशी ते कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

सुभेदार तडक शाळेत आले. पोरं अंगणात खिचडीला बसली होती. ते एकटेच वर्गात जाऊन नकाशा बघून आले आणि मग बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, शनवारी कमिटी लावा. ही पोरगी आपल्या शाळंत नको. कॉलेजाला कळवा, गावाची सिक्युरिटी धोक्यात आनलीया म्हनून. पुन्यांदा कुटल्याच शाळंनं घ्यायला नको."

"तिचं वर्ष जाईल, सुभेदार."

"जाऊ द्या. लष्करात असल्या चुकीला कोर्ट मार्शल हाय."

वल्लरी दाराआड होती. तिनं सगळं ऐकलं.

शाळा सुटल्यावर बाईंनी तिला समोर बसवलं. फोन कपाटातनं काढून टेबलावर ठेवला.

"कोणाशी बोलतेस?"

"आईशी."

"टाकीमागं?"

"मॅडम, ते..."

"लाव. मला ऐकू येईल असा लाव."

तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडनं आईचा आवाज आला, एका दमात: "हे बघ, फलटणचे लोक रविवारी येतायत. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. तुझे बाबा म्हणाले, यंदा पास झाली तर नोकरीचं बघू, नाहीतर बार उडवून टाकू. आणि रडू नकोस, वल्लू, कुणी बघेल तिथं."

बाईंनी फोन हातात घेतला. "मी मुख्याध्यापिका बोलतेय. शाळेच्या वेळेत फोन करायचा नाही." आणि बंद केला.

फोन तिच्यापुढं सरकवला. मग बाई म्हणाल्या, "फलटणवाल्यांचं मला काही करायचं नाही. पण फोटोचं तू चुकलीस. फार चुकलीस. पोरगं वर्गात बोलतं ते आपल्याला मिळालेलं नसतं, आपल्यापाशी ठेवलेलं असतं. वर्गात सांगितलेलं वर्गात राहतं. हे ज्याला जमत नाही, त्यानं दुकान टाकावं."

"चूक मान्य आहे, मॅडम. पण मी चोरांना नाही सांगितलं काही."

"ते मला अजून ठरवायचंय," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर बाई नकाशा उतरवायला वर्गात गेल्या. टाचणी उपटायला हात लावला आणि थांबल्या. साईराजचा निळा दोरा नव्हता. दोन्ही टाचण्या होत्या, टाचणीला बोटभर तुकडा लोंबत होता, मधला दोरा गायब. बाकी सगळे जागच्या जागी. सुभेदारांच्या घराचा लाल दोरासुद्धा.

बाई घरी जाऊन वांगी चिरत बसल्या आणि आप्पासोला म्हणाल्या, "चोरांचं भ्या असल्याला मानूस कुटला दोरा तोडंल?"

"दुकानाचा."

"आन ह्यानं आजोळाचा तोडलाय."

आप्पासो म्हणाला, "पोरांनी वडला असंल."

"पोरानं वडला तर गाठीपाशी सुटतो. हा पिरगाळून तोडलाय. मोठ्या हातानं." आणि मग चिरायचं थांबवून म्हणाल्या, "सुभेदाराला पोरीचं भ्या न्हाई. निळ्याचं हाय. गलाईवाल्याचं घर पेठंत असतंय, हा निळा खेड्यात गेल्ता."

हे आप्पासोनंच मला सांगितलं, पण सभेनंतर. आधी सांगितलं असतं तर सभेत मी तोंड मिटून बसलो नसतो, असं म्हणणार होतो. पण मी तसाही मिटूनच बसतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कमिटी भरली. व्हरांड्यात सतरंजी. कमिटीची माणसं होतीच, त्यांत मीही, पण गलाईच्या घरच्या बायाही जमल्या. त्यांत शकुंतलानानी, गावात सगळ्यांत जुनी गलाईवाल्याची बायको. वल्लरी एका बाजूला उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. साईराज आणि दोन-चार पोरं खांबाआड. त्यांना कुणी हाकललं नाही.

सुभेदार उठले. गावाची बदनामी, चोरांना आयतं निमंत्रण, पांढरी गाडी. सगळं सांगून म्हणाले, "पोरीला माघारी धाडायचं. हात वर करा."

अर्जुनाचा हात वर गेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या उठून आत गेल्या आणि नकाशा घेऊन आल्या, तसाच, दोऱ्यांसकट. व्हरांड्याच्या भिंतीला अडकवला. "पोरीची चूक हाय. मी झाकत न्हाई. चिठ्ठ्या काडल्या, फोटो पुसायला लावला, पन गेल्याला परत येत न्हाई. आता आदी एक काम करूया. ज्याला ज्या दोऱ्याचं भ्या वाटतंय, त्यानं आपल्या हातानं तेवडा काडून न्यायचा. मी हात लावनार न्हाई, पोरगीबी न्हाई. मग मतं घिऊ."

लोकांना ते पटलं. आपलं आपल्या हातानं नेणं बरं वाटतं. एकेक जण उठला. अर्जुनानं त्याचा कटकचा लाल काढला आणि खिशात घातला, जसं काही आत सोनंच आहे. मी माझ्या भावाचा काढला. बाया पुढं आल्या, एकमेकींचे दोरे चुकून ओढून परत लावत होत्या. "ह्यो माजा न्हाई गं, ह्यो तुज्या दाल्ल्याचा." थोड्या वेळात लाल जाळं गेलं. निळे तसेच राहिले. आजोळाचं कुणाला भ्या?

नकाशावर आता गावाभोवती निळा गुंता, आणि एकटा लाल दोरा लांब खाली सेलमला गेलेला. त्याच्या शेजारी दोन निळे बोटभर तुकडे.

सुभेदार जागचे उठले नव्हते.

"सुभेदार," बाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "तुमचा ऱ्हायला."

ते उठले. नकाशापाशी गेले. लाल काढायला हात पुढं केला आणि तसाच राहिला, कारण आता सगळी माणसं तिथंच बघत होती आणि सगळ्यांना दिसत होतं. लाल शिल्लक, निळा तोडलेला. मान खाली घातलेला फौजी माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

खांबाआडनं साईराज म्हणाला, "आजोबा, माझा निळा कुठं गेला? तिथं माझी पाट्टी ऱ्हाती." पाट्टी म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

मग शकुंतलानानीनं नाकाला पदर लावला आणि खाकरली.

"आवं सुभेदार, बसा खाली. तुमची सून तमिळ हाय, ह्ये समद्यांस्नी ठावं हाय."

सुभेदार वळले. "कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? पयल्या यात्रंला आली तवाच दिसलं. पाटं दारात तांदळाच्या पिटाची रांगोळी काडली, कशी काडली ते बगितलं न्हाई व्हय आमी? आमच्यात कोन तसली काडतं? आन भाताचा ढीग वाडून हातानं कालवती. आटपाडीची म्हनं. आटपाडीची बाई भाकरीबिगर दोन दिस ऱ्हाईल व्हय?"

बायांत हसू पसरलं. दुसरी म्हणाली, "आमी आपलं, तुमास्नी वाईट वाटाया नगं म्हनून लाजाळू म्हनत हुतो."

"लाजाळू कसली," नानी म्हणाली, "ती बिचारी बोलंल कशी, तुमी तोंडावर पदर टाकून बशिवलंया. माज्या मालकाचं तिकडं काय काय हुतं, ते मी कवा काडलं व्हय सबंध हयातीत? ज्येचं त्येनं झाकावं, पन येवडं बी न्हाई, की पोराचं आजोळ तोडावं."

सुभेदार सतरंजीवर बसले. बराच वेळ सतरंजीची दशी ओढत राहिले. मग अर्जुनाला म्हणाले, "हात खाली घे रं."

"आन पांडरी गाडी?" अर्जुना म्हणाला. त्याला सोडवत नव्हतं.

"ती सोलरवाल्यांची हुती," सुभेदार म्हणाले. "पंपाचा अर्ज केलाय जयराजच्या नावानं. काल परत आल्ते."

"म्हंजे कालच तुमाला ठावं हुतं?" मी विचारलं. सभेत मी बोललेलं हे एकच वाक्य.

मतं घ्यायची राहूनच गेली. वल्लरी राहिली.

साईराजला बाईंनी रीळ दिलं. त्यानं निळा दोरा स्वतः लावला आणि गाठ मारून ओढून बघितली. सुभेदार तेव्हा चपला घालत होते. दोनदा पट्टा लावला, दोनदा सुटला.

नंतर एकदा वल्लरीनं बाईंना विचारलं, आणि विचारायला धाडस लागलं असणार. "मॅडम, तुम्ही म्हणाला होता, वर्गातलं वर्गात राहतं. मग नकाशा व्हरांड्यात का आणला?"

"मी काय बोलले का?" बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग?"

मीही एकदा आडून विचारून बघितलं, की बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना, सभेत काय होणार? बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मला माझ्या खिशातल्या किल्ल्या जागेवर आहेत का, ते चाचपून बघावंसं वाटलं. आजतागायत मला वाटतं त्यांना ठाऊक होतं, आणि नव्हतं असंही वाटतं. सुभेदार त्यांच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते. त्यांचीही शंका माझ्यासारखीच असणार.

शिकाऊचं काम संपलं तेव्हा बाईंनी कॉलेजाला कळवलं की पोरगी चालेल, पण फोटोची खोड आहे, पुढं लक्ष ठेवावं. दुसरा कुणी असता तर तेवढं गाळलं असतं. वल्लरीनं जाताना पाया पडायला वाकायचं केलं, तर बाई म्हणाल्या, "आधी कपाटाची किल्ली दे." फलटणवाले येऊन गेले म्हणे. त्यांना काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, अजूनही तशी आमच्यात रीत नाही.

यंदा यात्रेला साईराजची आई आली. पदर खांद्यावर होता. शाळेत पोराला सोडायला आली, नकाशापाशी थांबली आणि बाईंना काहीतरी म्हणाली. साईराजनं सांगितलं, "आई म्हंती, आमचं गाव थोडं डाव्या बाजूला हाय. टाचणी चुकली."

बाई जवळ गेल्या. चष्मा पुसला. मग पुस्तकातला नकाशा काढून, तो ह्या नकाशाशी ताडून, तेव्हा कुठं टाचणी सरकवायला दिली.

नकाशा अजून आहे. त्यावर निळेच दोरे आहेत, लाल कुणी पुन्हा लावू दिला नाही. विट्याभोवती गुंता, एक जतच्या अंगाला, एक बीडकडं, आणि एक लांब खाली गेलेला. बाई सकाळी आल्या की कुलूप बघतात, पोतं बघतात आणि मग त्या लांब दोऱ्याला बोटानं टिचकी मारून बघतात, रात्रीतनं कुणी हात लावला नाही ना.

परवा नवा शिकाऊ आला. पोरगा आहे, मिरजेकडचा, वल्लरीच्याच कॉलेजातला, चांगला बोलतो. आल्या आल्या म्हणाला, "वा, नकाशा छान आहे. लाल दोरे नाहीत का?"

बाईंनी त्याला वरनं खालपर्यंत बघितलं.

"लाल होते, हे तुला कोणी सांगितलं?"